कादंबरीत नसलेली शेजारीण

दाबकेकाका गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, आणि तेही त्यांच्या फोटोशिवाय. कुणीतरी त्यांच्या कादंबरीचं मुखपृष्ठ टाकलं होतं आणि खाली नुसते जोडलेले हात. मुखपृष्ठावर गच्चीतल्या पाण्याच्या टाकीतून डोकं बाहेर काढून हसणारा एक मासा आहे. मला आधी वाटलं, पुस्तकाला आणखी एखादा पुरस्कार मिळाला असावा. हल्ली ते हात अभिनंदनालाही जोडतात आणि मयतालाही. मी तेव्हा पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात एका जुन्या सहकारी बाईंच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले होते, हातात जेवणाचं ताट होतं. तेवढ्यात दुसरा मेसेज आला : नेण्याची वेळ अमुक. ताट तसंच ठेवून निघाले. तरी धनकवडीला घरी पोचेपर्यंत त्यांना नेलं होतं. आमच्या जिन्यात चपलाच चपला होत्या, आणि माझ्या दारासमोरचं त्यांचं दार, जे एरवी फटीएवढंही उघडं राहत नसे, ते सताड उघडं होतं. मी आत जाऊन काकांच्या पत्नी शैलाकाकूंच्या शेजारी बसले.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी काकांवर लिहाल का असं विचारलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मी त्यांच्या पुस्तकात नाही हो. पुस्तकातल्या कुणाला तरी विचारा." ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय." म्हणून हा लेख.

'शरयू' ही आमची चार मजली इमारत. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, डावीकडे दाबके आणि उजवीकडे मी, सुनंदा मेश्राम. मी मूळची भंडाऱ्याची. मांजरीकडे एका प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे नमुने तपासायची नोकरी लागली म्हणून पुण्यात आले, नोकरीत स्थिरावल्यावर हे घर घेतलं आणि इथलीच झाले. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मी एकटी. ज्या दिवशी राहायला आले त्या दिवशी कपाट ओढत आत नेत होते, तर समोरचं दार उघडलं आणि एक उंच, वाळके गृहस्थ म्हणाले, "ओढू नका, उचला. खाली माणसं राहतात." दार बंद. ही आमची ओळख. काका तेव्हा सरकारी नोकरीत नकाशे काढत, आणि बोलणंही नकाशासारखंच, लागेल तेवढीच रेघ. मी उजाडायच्या आत निघायचे, बस बदलत मांजरी गाठायचे, आणि परत येईतो अंधार झालेला असायचा. वर्षानुवर्षं आमच्यात जे काही बोलणं झालं ते लाइटचं बिल चुकून कुणाच्या दारात पडलं आणि पाणी किती वाजता जाणार आहे एवढ्यापुरतंच.

त्यामुळे निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी कादंबरी लिहिली, ती छापून आली, आणि ती चक्क आमच्याच इमारतीवर आहे, हे कळल्यावर सगळ्यांइतकीच मीही उडाले. काकांनी स्वतः प्रत्येक मजल्यावर जाऊन एकेक प्रत दिली. मला देताना म्हणाले, "वाचलंच पाहिजे असं काही नाही. पण उष्ट्या हातानं धरू नका."

मी एका रविवारी ती एका बैठकीत वाचून काढली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कथा सांगणारा एक म्हातारा ब्रह्मचारी आहे, एक पोपट पाळून चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवरच्या टाकीत एक मासा आहे, तो नळांमधून सगळ्या घरांतली बोलणी ऐकतो आणि ज्याला जे ऐकायची गरज असेल ते त्याच्या नळातून बुडबुड करत सांगतो. पहिल्या मजल्यावरचे बापट रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये उतरून प्रत्येक स्कूटरची विचारपूस करतात, दमलेल्या गाडीवर आपली शाल पांघरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी इमारतीतली भांडणं बरण्यांमध्ये मुरत घालतात, आणि वर्षानं झाकण काढलं की भांडणाऱ्या दोघांनाही ती चाखून हसू येतं. असं सगळं. मी खूप हसले. एकदोनदा डोळ्यांत पाणीही आलं, ते नाकारत नाही. भाषा तर इतकी हलकी की या ओढू-नका-उचला माणसाच्या आत ही कुठे दडली होती, असं वाटत राहिलं.

पण मी आयुष्यभर रसातली साखर मोजलेली बाई आहे. इतकी गोडी कुठल्याच उसात नसते. खरे बापट पार्किंगमध्ये उतरायचे ते आपल्या जागेत लावलेल्या गाडीची हवा सोडायला. खऱ्या पाटीलवहिनी लोणचं दुकानातून आणायच्या आणि भांडणं मुरत घालायची गरजच पडू नये इतक्या ताज्या ताज्या करायच्या. आमच्याकडे सोसायटीच्या सभेत गच्चीच्या किल्लीवरून दोन घरांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं. काकांना हे सगळं ठाऊक होतं, सभेचे ते साक्षीदार होते. मग हा गुळाचा पाक कशासाठी? की न दिसणारं तेवढंच लिहायचं असं त्यांनी ठरवलं होतं? मला पुस्तक आवडत होतं आणि त्याच वेळी त्याचा राग येत होता, आणि हे दोन्ही एकाच पानावर व्हायचं.

आता माझ्या घराबद्दल. कादंबरीत चौथ्या मजल्यावर उजवीकडच्या घराला कुलूप आहे. तिथे कुणी राहत नाही. कधी राहत होतं असंही नाही. फक्त रोज संध्याकाळी त्या बंद घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि इमारतीतली माणसं त्यावर आपली घड्याळं लावतात. गणपतीत आरती झाली की सगळे मिळून त्या दाराच्या कडीला प्रसादाची पुडी अडकवून येतात. सकाळी पुडी नसते. ती कोण नेतं, हे मासाही सांगत नाही. आता, ती पुडी खरोखरच अडकवलेली असायची. मी उशिरा यायचे, आरतीला नसायचे. आमच्या घरी गणपती बसत नाही, आम्ही बौद्ध. पण कुणी प्रेमानं ठेवलेलं टाकू नये अशी आईची शिकवण, म्हणून ती पुडी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेऊन सगळ्यांना वाटायचे. म्हणजे पुडी खरी होती, कडी खरी होती, शिट्ट्या खऱ्या होत्या. फक्त पुडी काढून घेणारा हात तेवढा काकांनी गाळला होता. शिट्टीचा मान मला मिळाला, माणसाचा नाही. मला वाईट वाटलं. चांगलंच लागलं. माझ्या आडनावाच्या माणसाच्या मनात अशा वेळी जो प्रश्न येतो, तोही आला. भंडाऱ्याला बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काहून वं, तुझंच घर बंद काहून दाखवलं त्यानं? तू तिथं राहत नव्हती का?" मी म्हटलं, जाऊ दे, गोष्टच आहे. पण जाऊ दिलं नाही, ते माझं मला माहीत.

दोनचार दिवसांनी काका जिन्यात भेटले. "वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"अक्षर बारीक आहे."

त्यांनी मान हलवली. पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर मलाही तेवढं जमायला लागलं होतं.

पुढे त्या पुस्तकाचं नाव झालं. वाचक इमारत बघायला यायला लागले, आणि मग एक गंमत सुरू झाली जी मी फार बारकाईनं बघितली, कारण मला त्यात काही काम नव्हतं. माणसं हळूहळू पुस्तकातल्यासारखी वागायला लागली. पाहुण्यांनी 'बरण्या दाखवा ना' म्हणून गळ घातल्यावर पाटीलवहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा कैऱ्या आणून लोणचं घातलं. पहिलं बुरसलं, दुसरं बरं झालं. बापटांनी हवा सोडणं बंद केलं. एकदा तर पाहुणे गेल्यानंतरही, कुणी बघत नसताना, ते एका स्कूटरच्या सीटवर पडलेली पानं झटकताना मला दिसले. गच्चीच्या किल्लीवरून न बोलणारी घरं बोलायला लागली. आता याला वाईट कसं म्हणायचं? पण पाहुणे चौथ्या मजल्यावर आले की मला विचारत, "तुमचं पुस्तकातलं घर कुठलं?" मी सांगायचे, कुलपाचं. "अय्या, तिथे कुणी राहतं?" असं एक बाई खरोखर म्हणाल्या होत्या. आणि नंतर दारासोबत फोटो काढून गेल्या. मला जरा बाजूला व्हायला सांगून.

मी निवृत्त झाले, दिवसा घरी दिसू लागले. एकदा काका दूध घ्यायला दार उघडून उभे असताना मी सरळ विचारून टाकलं.

"काका, माझ्या घराला कुलूप का घातलंत?"

त्यांनी दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं."

"बापटांबद्दल तरी काय माहीत होतं? शाल पांघरतात म्हणे."

"नव्हतंच. पण बापटांची मी थट्टा केली तर बापट काय करतील? शिव्या देतील. मग चहा पितील. तुमची केली असती तर..." त्यांनी पिशवी पुन्हा पहिल्या हातात घेतली. "तुम्हाला वाटलं असतं, हा आपल्याला हसतोय. आणि तुम्ही ते बोलून दाखवलं नसतं. मला भीती वाटली, मेश्रामबाई."

"म्हणून माणूसच काढून टाकायचा?"

"चुकलं असेल," ते म्हणाले. "दूध नासेल, आत ठेवतो."

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. ते खोटं बोलले नव्हते, एवढं मला कळलं. सभ्य माणसं आपल्याशी जपून वागतात, इतकं जपून की आपल्याला हातच लावत नाहीत. ते मी नोकरीतही पाहिलं होतं. थट्टेत घेणं हे जवळ घेणंच असतं, आणि ती जागा मला मिळाली नाही ती आदरापोटी. याचं समाधान मानायचं की दुःख, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. त्यानंतर काका कधी कधी 'काय चाललंय' असं विचारायला लागले. उत्तर ऐकायला थांबायलाही लागले. एवढाच फरक. शेवटचे भेटले ते जिन्यातच. भाजीची पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर टेकत वर येत होते. मी पिशवी मागितली, दिली नाही. म्हणाले, "बिल्डरनं मजले वाढवलेत वाटतं." त्याच आठवड्यात, मी वास्तुशांतीला निघून गेल्यावर, छातीत दुखलं आणि दवाखान्यातून ते जिवंत परत आले नाहीत.

शोकसभा आमच्या पार्किंगमध्येच झाली. सोसायटीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या. पुढे शैलाकाकू आणि बंगळूरहून आलेली त्यांची मुलगी अदिती बसल्या होत्या. पहिल्यांदा बापट उठले. रुमालानं डोळे पुसले, नाटक नव्हतं ते. म्हणाले, "मी रोज संध्याकाळी इथे गाड्यांपाशी यायचो, आणि दाबके वरून खिडकीतून विचारायचे, बापट, आज कोण दमलंय? आता मला कोण विचारणार?" मी चमकले. हा प्रसंग कादंबरीतला आहे, शब्दन् शब्द. मग पाटीलवहिनी उठल्या. दाबकेकाका दर वर्षी आपल्याकडे मुरलेली बरणी मागायला कसे यायचे, आणि चमचाभर चाखून 'हे भांडण जमलंय' असं कसं म्हणायचे, ते त्यांनी रडत रडत सांगितलं. तोही प्रसंग पुस्तकातलाच. तळमजल्यावर भाड्यानं राहणारा आयटीतला एक तरुण म्हणाला, "काकांमुळे आम्ही फ्रेंड्स लोक लिटरली रात्री टाकीवर चढून मासा शोधलाय. ही वॉज सच अ फन माणूस." कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना ते तसं झाल्याचं खरंच आठवत होतं. पुस्तकानं त्यांना इतकं गोड आयुष्य देऊन ठेवलं होतं की जे खरं घडलं होतं ते कुणी सांभाळायच्या भानगडीतच पडलं नव्हतं. मी काकूंकडे बघत होते. त्या ताठ बसल्या होत्या, दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आल्यासारख्या.

मग कुणीतरी म्हणालं, "मेश्राममॅडम, तुम्ही समोरच्या. दोन शब्द बोला." मला बोलायची सवय नाही. उठले, आणि पुस्तकातलं सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून जे होतं ते सांगितलं.

मी म्हटलं, काका आणि काकू दोघं कुठे बाहेर निघाले की काका कुलूप लावायचे. ओढून बघायचे. पुन्हा ओढायचे. आणि मग स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे. आत कुणी नाही हे माहीत असताना. कान देऊन जरा वेळ उभे राहायचे आणि मगच जिना उतरायचे. एकदा मला वाटलं माझीच बेल वाजली, दोन्हींचा आवाज सारखा आहे, म्हणून मी दार उघडलं. काका म्हणाले, "तुमची नाही, आमची वाजवली." मी विचारलं, घरात कुणी आहे का? तर म्हणाले, "तेच बघतोय." आणि काकू खालच्या पायरीवर पर्स धरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "कोण उघडणार आहे हो दार? मी इथे आहे." त्यावर काकांनी...

मला पुढचं सांगावं लागलं नाही. काकूंनीच खुर्चीतून सांगितलं, मोठ्यानं : "'खात्री केलेली बरी.' असं म्हणायचे. दर वेळी! लग्न झाल्यापासून!" आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं थांबेना. मग ते रडणं झालं आणि अदितीनं त्यांना जवळ घेतलं. बापट खाली बघत होते. मला क्षणभर फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी मी पिठलं-भाकरी घेऊन समोर गेले. काकूंनी अदितीला ताट करायला सांगितलं आणि जेवता जेवता म्हणाल्या, "तुम्ही त्यांना कुलपाबद्दल विचारलंत, ते मला सांगितलं होतं त्यांनी. दोन दिवस जेवण गेलं नाही नीट." मी म्हटलं, आता कशाला ते. तर म्हणाल्या, "नाही, ऐका. मी तरी कुठे आहे हो त्यात? ब्रह्मचारी म्हणे! आणि पोपट! पोपट पाळलाय कादंबरीत, बायको नाही." पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण माझ्याच कुलपाकडे बघत बसल्यामुळे हे मला दिसलंच नव्हतं. मी विचारलं, तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांना? काकू म्हणाल्या, "बोलले की. म्हणाले, तुझं काय लिहू, तू तर आहेसच." भाकरी मोडता मोडता त्या थांबल्या. "मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे."

पुस्तकाबद्दल माझं मत विचाराल तर ते अजून एक झालेलं नाही. त्यानं आमच्या इमारतीतल्या माणसांना थोडं चांगलं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच पुस्तकानं आपल्या लेखकाला त्याच्याच शेजाऱ्यांच्या आठवणीतून पुसून टाकलं, हेही पाहिलंय. खरा दाबके नावाचा माणूस त्या पुस्तकात न आलेल्या दोन बायकांपाशी तेवढा उरला. नवी आवृत्ती निघते आहे असं ऐकते. निघू दे, लोकांनी वाचावं असंच आहे ते.

गेल्या आठवड्यात काकू काही महिन्यांसाठी अदितीकडे जायला निघाल्या. अदिती बॅगा घेऊन खाली गाडीपाशी गेली होती. मी काकूंना हात द्यायला दारात उभी होते. त्यांनी कुलूप लावलं. ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि पर्स खांद्याला अडकवून त्या जिन्याकडे वळल्या... आणि परत फिरल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी बेल दाबली. ती आत वाजली. आम्ही दोघी दारापाशी कान देऊन उभ्या राहिलो. खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला, तरी उभ्या होतो.

"नाहीत," काकू म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या.